चाळीस मापं काकवी

काकवीचा वास मला आजही सहन होत नाही. लोक म्हणतात, गोड असतो, उसाचा असतो. असेल बाई. माझ्या नाकाला तो जळक्या गुळाचा, ओल्या गोणपाटाचा आणि मुंग्यांचा मिळून येतो. मुंग्यांना वास असतो. जो मुंग्या चिरडलेल्या बोटांनी जेवलाय त्याला विचारा. आमच्या घरी उन्हाळाभर काकवीचे डबे असायचे आणि त्यांच्या खाली ताटात पाणी घालून ठेवलेलं असायचं, मुंग्या चढू नयेत म्हणून. त्या पाण्यात सकाळपर्यंत मेलेल्या मुंग्यांची साय धरायची आणि ते पाणी मोरीत ओतायचं काम माझं. शिवाय जिथं हात लावावा तिथं चिकट. दाराची कडी चिकट, देवळीतली काडेपेटी चिकट, माझ्या वहीचं पान उलटायला जावं तर दोन पानं एकदम यायची. हात धुवायची माझी खोड तेव्हाची. नवरा थट्टा करायचा की हिचं निम्मं आयुष्य बेसिनपाशी गेलं. त्याला काय सांगणार, कशाचे हात धुतेय ते.

भाईंदर पूर्वेला आमच्या दोन खोल्या होत्या, एका बैठ्या चाळीत. मागे मिठागर आणि पुढे स्टीलच्या भांड्यांचे गाळे. दिवसभर पॉलिशच्या मशीनचा कर्रर्र आवाज चालायचा, तो दुपारी एक ते दोन थांबला की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. अण्णा तिथंच पॉलिशला होते. घरी यायचे ते काळे होऊन. मोरीत बसून नाक शिंकरायचे आणि काळं पडायचं, आणि त्याच मोरीत मी थोड्या वेळानं तांदूळ धुवायचे. आई म्हणायची, "पाणी ओत नि धू, नखरे नकोत." मला उलटी यायची. मी तशी लहानपणापासून किळसखोर, असं सगळेच म्हणत. आता वाटतं की ज्याची किळस यायला हवी होती त्याची येत नव्हती आणि शेंबडाची, मुंग्यांची तेवढी येत होती.

आई लोणची घालून विकायची. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, तिकडची तिची पद्धत. गोड लोणचं ती गुळात न घालता काकवीत घालायची. वर तेलाची फोडणी. तिच्या हातचं लोणचं दोन-दोन वर्षं टिकायचं, हे खोटं नाही. तिचा सगळा कारभार एका मापावर चाले. अण्णांनी कारखान्यातून आणलेलं स्टीलचं एक लिटरचं माप होतं, काठाला चेपलं म्हणून बाद केलेलं. "पातळ ते मापानं, घट्ट ते काट्यानं," हा तिचा नियम. पाच किलो कैरीच्या फोडींना चार मापं काकवी, एक माप तेल, हे ती झोपेतसुद्धा सांगायची. मीठ, तिखट, मोहरी काट्यानं. लिहिलेलं कुठं काही नव्हतं.

आता वहिनीचं सांगते. दादा मीरा रोडच्या एका कंपनीत होता, तिथं पॅकिंगला करुणा होती. घरचे नांदेडकडचे, जयभीमवाले. दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि दादा तिला थेट घेऊन दारात उभा राहिला. आई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली म्हणा किंवा चाळ गोळा व्हायला लागली म्हणा, पण तिनं घरात घेतलं. घरात म्हणजे बाहेरच्या खोलीत. वहिनीनं पाणी भरायचं, धुणी धुवायची, खरकटी भांडी घासायची, हे चालायचं. शेगडीला, पिठाला, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. असं कुणी तोंडानं म्हटलं नाही. आई म्हणायची, "तिला आपली पद्धत ठाऊक नाय अजून, शिकेल हळूहळू." हे ती इतक्या साळसूदपणे म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, केवढी समजूतदार सासू. आठ महिने शिकत होती बिचारी, उंबऱ्याच्या बाहेर बसून. मला ते खटकत नव्हतं. खटकत होतं असं लिहायला छान दिसेल, पण नव्हतं. मला वहिनी आवडायची, ती माझी वेणी घालायची, मराठवाड्याकडच्या गोष्टी सांगायची, आणि ती आत येत नाही हे मला भिंत जिथं आहे तिथं असण्याइतकं साधं वाटायचं.

मी दहावीची परीक्षा देऊन बसले होते त्या उन्हाळ्यात मीरा रोडला खानावळ चालवणाऱ्या मालतीबाई आईकडे आल्या. त्यांना वर्षाचं गोड लोणचं एकदम हवं होतं, पन्नास किलो कैरीचं. एवढं आईनं जन्मात केलं नव्हतं. पन्नास किलोच्या फोडी एकटीनं करायच्या म्हणजे हात मोडायचे. आईनं एक दिवस विचार केला आणि संध्याकाळी वहिनीला म्हणाली, "उद्या डोक्यावरनं न्हा नि आत ये. फोडी करायला बस." एवढंच. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बेबी, आत बोलवायलेत मला." तिनं त्या संध्याकाळी लग्नातली सुती साडी तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. कैऱ्या कापायला इस्त्रीची साडी. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, घेतलीत वाटतं आत. आई म्हणाली, "बघूया. लोणचं टिकलं तर हाताला गुण आहे म्हणायचं. मग आहेच घर तिचं." वहिनीनं ते ऐकलं. मीही ऐकलं. म्हणजे त्या पन्नास किलोत काय मुरायला घातलं जात होतं ते आम्हा तिघींनाही नीट माहीत होतं.

काकवी यायची ती अण्णांच्या ओळखीच्या टेम्पोवाल्याकडून. तो हायवेनं जाताना घोडबंदरला डबे उतरवायचा आणि दादा बसनं घेऊन यायचा. काकवी वजनावर मिळते. दर वर्षी आई अंदाजानं एक डबा मागवायची, मापानं मोजून घालायची, उरलं ते घावनाबरोबर खायला. या वेळी मागणी मोठी, अंदाज चालणार नव्हता. किती किलो सांगायचे, म्हणून दादा विचारत होता आणि आई बोटं मोजत होती. मी पुढे झाले. विज्ञानात मला चांगले मार्क पडायचे आणि त्याचा मला माज होता. म्हटलं, पाच किलोला चार मापं म्हणजे पन्नासला चाळीस. एक माप म्हणजे एक लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो. चाळीस किलो सांग. दादानं कागदावर लिहून घेतलं. अण्णा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "बेबीनं चुटकीसरशी केलं बघ." मी किती फुगले म्हणून सांगू.

घनतेची व्याख्या मला पाठ होती. परीक्षेत लिहिली होती, मार्क घेतले होते. वस्तुमान भागिले आकारमान. पण ती वहीतली. काकवी घरातली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असू शकतो हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आमच्यासारख्या पाठांतरवाल्यांची ही जातच आहे, आणि मी पुढं तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून तसलीच पोरं तयार केली असतील.

लोणचं घालायच्या दिवशी सकाळी मला कावळा शिवला. आमच्याकडे तेव्हा चार दिवस बाजूला बसावं लागायचं आणि लोणच्याच्या तर वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. लोणचं नासतं म्हणत. आज हे लिहितानासुद्धा संताप होतो. पण त्या सकाळी संताप नव्हता, रडू येत होतं, कारण काटा मी धरणार होते. अण्णांनी कारखान्यातून टांगायचा ताणकाटा आणला होता आणि सगळी वजनं माझ्या हातात होती. मोरीत वहिनीनं मला बघितलं. ट्रंकेतून धुतलेलं फडकं काढून दिलं आणि म्हणाली, "सांगू नको. आमच्याकडं असलं काही नसतंय." मी नाही सांगितलं. तोंडावर पाणी मारलं आणि जाऊन काटा टांगला.

काय थाटात वजनं केली मी. आधी रिकामी बादली टांगली, तिचं वजन लिहिलं, मग भरलेल्यातून वजा केलं. आईला त्याचंच अप्रूप. काकवी मापानं मोजली की निम्मी मापालाच चिकटते, वाया जाते, बादलीनं वजन केलं की काम झालं, हे मी तिला पटवलं. डबे ओतून संपले. चाळीस किलो बरोबर भरली. फोडी तीन पिंपांत होत्या, वर काकवी. आई वाकून बघत राहिली. "कमीशी वाटते गो. फोडी उघड्या दिसतायत."

"काटा खोटं बोलतो का? चाळीस किलो आहे."

वहिनी फोडी हलवत होती. कोपरापर्यंत हात काकवीत. ती म्हणाली, "मलाबी कमी दिसायलंय. बेबी, एकदा मापानं बघू का? अजून एक बादली वरनं काढून मोजता येईल."

मी तिच्यावर खेकसले. "तुला काय कळतं त्यातलं?" असं म्हणाले. शब्द हेच होते. ती गप्प झाली आणि आईही, कारण आईला बहुधा मी वहिनीला गप्प केलेलं बरं वाटलं. मग फोडणी गार करून तेल ओतलं, तेही मी दहा किलो तोलून. तेल हलकं असतं, त्यामुळे दहा किलोत दहा मापांहून जास्तच आलं आणि पिंपांवर असं छान तरंगलं की बघणाऱ्याचं समाधान व्हावं. काकवीचं उणं तेलाखाली झाकलं गेलं. पिंपांच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधला, मालतीबाईंची माणसं येऊन टेम्पोत घालून घेऊन गेली. त्या रात्री आईनं वहिनीला आतच जेवायला बसवलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा. पुढचे वीस-बावीस दिवस वहिनी आत होती, भाकऱ्या करत होती, आणि आईला तिच्या भाकऱ्या आवडत होत्या. हे लक्षात ठेवा.

मग पिंपं परत आली. टेम्पो दारात थांबायच्या आधी वास आला. ताडीचा, ओकारीचा आणि त्यात काकवीचा. झाकणं फुगली होती, एकाचं उडालं होतं आणि कडेनं तेल आणि फेस ओघळून वाळला होता. आईनं दुसरं उघडलं. वर तेल अजून होतंच, त्याखालून बुडबुडे येत होते, बुड बुड असा आवाजसुद्धा येत होता. कडेला पांढरी-हिरवी बुरशी, मऊ, लव आल्यासारखी. फोडी गिळगिळीत होऊन सालीपासून सुटलेल्या. चिलटांचा ढग. मी गटारापाशी जाऊन ओकले. मालतीबाई पदर नाकाला लावून उभ्या होत्या आणि चाळीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "आमच्या गिऱ्हाइकांच्या ताटात वाढलं हे मी. आता तुमचं काही नको मला." गेल्या. आम्ही ते सगळं खाडीकडे नेऊन ओतलं. जेसल पार्कची वस्ती तिथं तेव्हा नव्हती, चिखल आणि झुडपं होती. तिथं ओतून आलो तरी आठवडाभर दारात चिलटं होती.

संध्याकाळी आईनं आम्हा दोघींना समोर बसवलं. दादा होता, अण्णा होते. तिनं विचारलं, "भरायच्या दिवशी कुणाला कावळा शिवला होता? खरं सांगायचं."

माझा तर विश्वासच होता की माझ्यामुळे झालं. सोळाव्या वर्षापर्यंत जे ऐकलं तेच खरं वाटत होतं. मी तोंड उघडणार, न उघडणार, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "मी होते."

तिला वाटलं असणार, चार शिव्या बसतील, चार दिवस बाहेर बसावं लागेल. पोरीला वाचवू. आईच्या तोंडावर मात्र हायसं वाटल्यासारखं काहीतरी आलं, ते मला आजही दिसतं. ती म्हणाली, "तरी माझं मन सांगत होतं. ह्यांच्यात कुठं असतोय विटाळ नि बिटाळ. जातीचा हात तो, तो काय चार दिवसांत धुतला जातो? लावू दिला ही माझीच चूक."

दादा म्हणाला, "आई, तोंड सांभाळून बोल." एवढं म्हणून तो बाहेर जाऊन उभा राहिला. अण्णांनी पेपर वर धरला. पेपर सकाळचा होता, वाचून झालेला. वहिनीनं माझ्याकडे एकदाच बघितलं, मी मान खाली घातली, आणि ती उठून बाहेरच्या खोलीत गेली. मी मनात म्हटलं, सुटले. हे लिहिताना हात थांबतो, पण तोच शब्द होता.

चार दिवसांनी ती परत आत येईल असं मला वाटलं होतं. आईनं घेतली नाही. शेगडीजवळचा पाट उचलून ठेवला आणि वहिनीचं ताट-वाटी निराळी काढली. तिचं जेवण मी नेऊन द्यायचे. मनाला तेवढंच समाधान होतं. एकही दिवस तिला गार जेवू दिलं नाही, माशाचा तुकडा मोठा बघून वाढायचे, घावन असला तर दोन जास्त. तिचं ऋण मी असं फेडतेय असं मला वाटायचं.

जुलैत अकरावीला कॉलेज सुरू झालं. प्रॅक्टिकलला सरांनी दोन सारख्या बाटल्या दिल्या, दोन्ही काठोकाठ भरलेल्या. एकीत पाणी आणि दुसरीत ग्लिसरीन. दोन्ही हातांत एकेक धरा म्हणाले. मी धरल्या. उजवा हात खाली गेला. बस्स. पुस्तकात वर्षभर वाचून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते हाताला कळलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती पिंपं आली. उघड्या फोडी आल्या. सर विचारत होते, जड कुठली, आणि मला घाम फुटला होता.

घरी कुणी नसताना मी ताणकाटा काढला. गेल्या वर्षीची, घावनासाठी राखलेली काकवीची बरणी होती, तिच्यातून माप काठोकाठ भरलं, रिकाम्या मापाचं वजन आधी लिहून घेतलं होतं. एक किलो चारशे. पुन्हा केलं. एक किलो चारशे. म्हणजे चाळीस मापं म्हणजे छप्पन्न किलो. मी सोळा किलो काकवी कमी घातली होती. गोडी टिकवते लोणचं, तीच कमी पडली, फसफसणारच. विटाळ नव्हता, कुणाचा हात नव्हता. माझं एक लिटर म्हणजे एक किलो होतं. मापातली काकवी परत ओतताना बोटांवरून ओघळली आणि मला इतकी शिसारी आली की राखेनं हात घासले, सालटी निघेपर्यंत.

आई आल्यावर मी तिला सांगितलं. एवढं धाडस केलं मी, ते नाकारत नाही. काटा टांगून तिच्यासमोर वजन करून दाखवलं. आई शाळेत गेलेली नव्हती पण बाई हुशार. तिला दोन मिनिटांत समजलं. काट्याकडे बघत म्हणाली, "तरी मी म्हटलं होतं, कमी दिसतंय." मग माप माझ्या हातातून घेऊन धुवायला बसली. पाठ करून म्हणाली, "आता हे कुणाजवळ बोलायचं नाय. उद्या तुझं लग्न करायचंय. पन्नास किलो नासवणारी पोर म्हणतील."

"पण वहिनी?"

"तिचं काय? तिला काय नवीन आहे?"

हे वाक्य माझ्या आईचं आहे. मी तिच्यावर प्रेम केलं, शेवटच्या आजारपणात तिचं सगळं केलं, तिच्या फोटोला हार घालते. वाक्य तिचंच आहे. आणि ते ऐकून मी काय केलं तर ताट वाढलं आणि बाहेर नेऊन दिलं. पुन्हा कधी तो विषय काढला नाही, तिच्याजवळ नाही, दादाजवळ नाही, वहिनीजवळ तर नाहीच. तोंडात गुळणी धरून बसले. श्रावणात दादानं मीरा रोडला भाड्याची खोली घेतली. रिक्षात स्टोव्ह आणि ट्रंक ठेवायला मी मदत केली. वहिनी आईच्या पाया पडली. आईनं पाय मागे घेतले, आशीर्वाद दिला. दोन्ही एकदम.

पुढं मी शिक्षिका झाले हे म्हटलंच. दर वर्षी घनतेचा धडा यायचा. मी पाणी न्यायचे, तेल न्यायचे, एखाद्या वर्षी मध न्यायचे. काकवी कधी नेली नाही. मुलं विचारायची, बाई, एक लिटर म्हणजे एक किलोच ना? मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे, फक्त पाण्यासाठी. आणि खडूचे हात धुवायला जायचे.

आता वहिनी मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कला राहते, मुलाकडे. दादा जाऊन काही वर्षं झाली. त्यानंतर मी दर आठवड्याला तिच्याकडे जाते. तिची सून श्वेता घरून केक करून विकते, ऑर्डरी असतात, स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसते. गेल्या महिन्यात गेले तर मला म्हणाली, "आत्या, जरा मध घालून दे ना, माझे हात बटरचे झालेत." ओट्यावर पातेलं, त्याखाली बशीएवढा काटा, आकडे उजळलेले. मी कप शोधायला लागले. "कप नको गं आत्या. लिक्विडपण ग्रॅममध्येच घ्यायचं. कपानं सगळी वाट लागते. हे बघ, एक कप पाणी दोनशे चाळीस ग्रॅम, पण मधाचा तोच कप तीनशे चाळीस. लोकं सेमच धरतात नि मग मला मेसेज करतात, केक बसला म्हणून." ती हसत होती. मला शिकवत होती पोरगी, मला. मी मध ओतायला लागले, जाड धार, बाटलीच्या कडेनं बोटांवर आली. डायनिंग टेबलापाशी वहिनी बदाम सोलत बसली होती. आणि काय झालं कोण जाणे, मी बाटली तशीच ठेवून तिच्यासमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. चाळीस किलो, छप्पन्न किलो, ग्लिसरीन, आई काय म्हणाली ते. इतक्या वर्षांचं.

वहिनीनं बदाम सोलायचं थांबवलं नाही. म्हणाली, "माहीताय की मला. मी तवाच म्हटलं नव्हतं का, मापानं बघू म्हणून?"

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलणार? आईंना कारण पाह्यजेच होतं, ते त्यांना घावलं. काकवी कमी पडली म्हणून मी सांगितलं असतं तर त्यांनी दुसरं काढलं असतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ते जाऊ दे. पोर होतीस, हिशेब चुकला. त्याचं मला कधीच काही वाटलं नाही, बेबी."

माझा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले. मी तिचा हात धरणार होते.

"ताटाचं मात्र वाटलं," ती म्हणाली.

"कुठल्या ताटाचं?"

"तू आणायचीस ते. उंबऱ्याच्या आत खाली ठेवायचीस आन् तिथनं सरकवायचीस. चार दिवस म्हटलं, ह्यांची रीत आहे, मीच खोटं बोलले, आपणच भोगावं. पाचव्या दिवशी मी हात पुढं केला होता. तू हाताकडं बघितलंस, ताट खाली ठेवलंस आन् सरकवलंस. मग रोजच. जाईपर्यंत."

मी आठवायला लागले. मला पिंपांची लव आठवते, चिलटं आठवतात, मापाला कुठं चेप होता ते सांगता येईल. माशाचा मोठा तुकडा आठवतो. पुढे केलेला हात आठवत नाही. कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नाही, आणि ती खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे. आईनं मला सरकव म्हणून कधी सांगितलं नव्हतं. माझं मीच केलं होतं ते, गरम जेवण नेते म्हणून स्वतःवर खूश होऊन.

श्वेतानं कालच्या केकचा तुकडा बशीत काढून वहिनीसमोर ठेवला होता, माझ्यासाठी. वहिनीनं बशी उचलली आणि टेबलावरून माझ्याकडे धरली. हातातच धरून ठेवली. माझी बोटं मधानं चिकट झाली होती. मी धुवायला उठले नाही. तशाच दोन्ही हातांनी बशी घेतली.